विश्लेषण : खामगावच्या १३ किलोमीटर रेल्वेचा इतिहास काय? कोण होते लॉर्ड मेयो?

बुलढाणा जिल्ह्यातील जलंब-खामगाव हा रेल्वेमार्ग जेमतेम १३ किलोमीटरचा. मार्च १८७० मध्ये त्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले होते.

कोण होते मेयो?
रिचर्ड बर्क ऊर्फ लॉर्ड मेयो यांचा जन्म १८२२ मध्ये डब्लिनला झाला. जानेवारी १८६९ मध्ये ते व्हाइसरॉय झाले. सार्वजनिक बांधकाम खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. रेल्वेची कामे याच खात्याकडे होती.

धोरण का बदलले?
तोपर्यंत रेल्वे ब्रिटिश कंपन्या बांधत. त्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. खर्च कितीही वाढला तरी तूट भारताच्या तिजोरीतून भरली जाई. मेयोंच्या काळात सरकारने नवे मार्ग स्वतः बांधायला घेतले. खर्च वाचवण्यासाठी अनेक मार्गांवर मीटरगेज निवडले गेले.

खामगावच का?
मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. मात्र कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव बाजूला राहिले. कापूस बैलगाड्यांनी स्टेशनपर्यंत न्यावा लागे. त्यामुळे सरकारने हा फाटा बांधला. वऱ्हाडचा कापूस रेल्वेने मुंबई बंदरात आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांत जाऊ लागला.

पुढे काय झाले?
८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात शेर अली आफ्रिदी या कैद्याने मेयोंची हत्या केली. त्यांचा कार्यकाळ अवघा तीन वर्षांचा ठरला. फाटा मात्र आजही खामगावलाच संपतो. तो जालन्यापर्यंत नेण्याची मागणी अनेक दशकांची आहे.