गिरणी कामगारांचे नारायणराव लोखंडे

रविवारी सकाळी आपण वंदनेला विहारात जमतो. पण हा रविवार कामगाराच्या सुट्टीचा कसा झाला, हे आपल्या मुलाबाळांना क्वचितच ठाऊक असतं. ती सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. रेल्वेत आणि पोस्टात नोकरी करून ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी जे पाहिलं तेच पुढे आपल्या बापजाद्यांनी सोसलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सूत कोरडं पडलं की तुटतं. म्हणून विणकाम खात्यात वाफ सोडून हवा ओली ठेवीत, खिडक्या बंद, वर यंत्रांची धग. घाम वाळला तरच अंग थंड होतं. ओल्या हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जाऊन पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी माणूस जागीच कोसळतो. (या खात्यात आपल्या लोकांना घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! आपली माणसं रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. उकाडा मात्र दोन्ही खात्यांत होता.)

त्यात काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे दिवस मोठा तसं काम जास्त. म्हणजे ऐन उन्हाळ्यात तेरा-चौदा तास! १८८१ चा कायदा झाला तो फक्त मुलांपुरता. मोठ्यांना त्यात काहीच नव्हतं.

लोखंडे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र त्यांच्याकडे होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहाच्या आधी काम नको, पगार वेळेवर, अपघात झाल्यास मदत. अर्ध्या तासाची मागणी दिसायला लहान, पण आमच्या मते सगळ्यांत शहाणपणाची तीच. तापलेलं अंग निवायला सावली, पाणी आणि थोडा वेळ लागतो, हे गिरणीत वावरलेल्या माणसालाच कळणार.

मालकांनी सहा वर्षे दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन बायाही तिथे बोलल्या. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. १८९१ च्या कायद्यात दुपारचा अर्धा तास आला, बायकांना अकरा आणि मुलांना सात तासांची मर्यादा आली. पुरुषांना मात्र काही नाही.

पुढे मुंबईत प्लेग आला तेव्हा लोखंडे रोग्यांच्या सेवेत उतरले, आणि त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले.

पुरुषांचे तास कापड गिरण्यांत बारावर आले १९११ मध्ये. आठवड्याचे ४८ झाले १९४६ च्या दुरुस्तीने, ती बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातली. १९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात प्यायचं पाणी थंड करून द्यावं, हेही लिहिलं गेलं. लोखंडे जाऊन तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती.