चोपचिनीची नोंद ठेवणारे गार्सिया द ओर्ता

आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी चोपचिनी म्हणजे चीनमधल्या एका रानवेलीचे मूळ. तिकडचे वैद्य ते व्रणांवर व सांधेदुखीवर देत. गोव्यात त्याची सविस्तर नोंद ठेवली ती गार्सिया द ओर्ता यांनी.

हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्यांनी वैद्यकी केली. फिरंग रोगावर चालणाऱ्या चोपचिनीची आणि इथल्या अनेक वनस्पतींची माहिती त्यांनी ग्रंथात लिहिली. तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. १५६८ साली ते वारले. घराणे मूळचे ज्यू, म्हणून १५८० साली धर्मन्यायालयाने त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र आजही वाचला जातो.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली औषधेही वेळीच वहीत उतरवून ठेवावीत, ही सभासदांना विनंती.