नाना फडणवीस आणि त्यांचे तह

पेशवाईतले साडेतीन शहाणे आपण इतिहासाच्या तासाला एका दमात म्हणून दाखवत होतो. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस मात्र अर्धे. कारण काय, तर त्यांना तलवार चालवता येत नव्हती. त्या अर्ध्या शहाण्याने पाव शतकभर इंग्रजांना पुण्यात आपली फौज ठेवू दिली नाही, हे मात्र परीक्षेत कधी विचारले गेले नाही.

मी संगणक अभियंता आहे. परदेशी कंपन्यांशी होणारे करार वाचणे हा माझ्या कामाचा मोठा भाग. कोण काय देणार, किती काळ, खर्च कोणाचा आणि काम संपल्यावर मोकळे कसे व्हायचे, हे आधी पाहायचे अशी सवय लागली आहे. त्याच सवयीने नानांचे तह वाचले आणि अर्ध्या शहाण्याबद्दलचा आदर दुणावला. म्हणून या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा. फडणिशी घराण्यात चालत आलेली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते सदाशिवरावभाऊंबरोबर पानिपतावर होते. त्या प्रलयातून ते कसेबसे वाचले. बरोबर आलेली आई मात्र परत आली नाही. ज्या भाऊंच्या नावाची पेठ म्हणजे आपली सदाशिव पेठ, त्यांचा शेवट या तरुणाने जवळून पाहिला होता. पानिपतावर मराठे जवळजवळ एकटे पडले होते, ही गोष्ट नाना पुढे विसरले असतील असे वाटत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. कारभाऱ्यांनी राघोबादादांना दूर सारून बारभाईंचे कारस्थान उभे केले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार सुरू केला. राघोबादादा मुंबईकर इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी करार केला : इंग्रजांनी फौज द्यावी, दादांनी तिचा खर्च सोसावा आणि साष्टी व वसई देऊन टाकावी. घरच्या भांडणात परकी फौज बोलावली की तिची किंमत मुलखाने मोजावी लागते, हा धडा नानांना इथे मिळाला.

त्या पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नानांनी मित्र जोडण्याचे काम हाती घेतले. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच माणूस पुण्यात आला. त्याच्या शब्दाला फारसे वजन नव्हते, पण त्याच्या आदरातिथ्याने इंग्रज अस्वस्थ झाले आणि तेवढे काम भागले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज शरण आली. पाठोपाठ नानांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. हैदराशी मराठ्यांचे जुने वैर होते, तरीही त्याच्याशी हातमिळवणी केली. १७८० च्या उन्हाळ्यानंतर हैदर कर्नाटकात उतरला. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन वळवले, भोसल्यांना पैशाने थोपवले. चौघांची आघाडी दोघांवर आली.

१७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे यांनी सालबाईचा तह ठरवला. वसई परत मिळाली, साष्टी गेली, राघोबादादांना पेन्शन लागली. नानांनी मात्र मान्यता देण्यास महिने लावले. हैदराला सोडून वेगळा तह करायचा नाही, असा शब्द गेलेला होता. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याने तह मान्य केला. याला कोणी शब्दाला जागणे म्हणेल, कोणी वेळ काढणे. नानांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्रच असत.

१७८६ पासून चार्ल्स मॅलेट पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता. १७८९ च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला आणि आता इंग्रजांनाच मित्र हवे झाले. नानांनी घाई केली नाही. बहिरोपंत मेहेंदळे मॅलेटशी कलमावर कलम घासत राहिले. टिपूचे वकीलही त्या दिवसांत पुण्यातच होते. अखेर १ जून १७९० रोजी पुण्याचा तह झाला.

त्याची कलमे पाहण्यासारखी आहेत. पेशवे आणि निजाम यांनी प्रत्येकी पंचवीस हजार स्वार काढायचे. कंपनीच्या दोन पलटणी मराठी फौजेबरोबर राहतील, त्यांचा खर्च मराठ्यांकडे. जिंकलेला मुलूख तिघांत सारखा. एकट्याने तह करायचा नाही. पुढे टिपूने कोणावर चाल केली तर बाकीच्यांनी धावून यायचे. शत्रू एक, कामगिरी एक, आणि ती झाली की फौजा आपापल्या घरी. पुण्यात कायमची छावणी नाही, आणि पेशव्यांनी इतरांशी कसे वागावे हे इंग्रजांनी सांगण्याची सोय नाही. या तहाचा दरबार थॉमस डॅनियलने पुढे मोठ्या चित्रात रंगवला. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

करार कागदावर राहिला नाही. परशुरामभाऊ पटवर्धनांनी कित्येक महिने वेढा घालून धारवाड घेतले. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे कॉर्नवॉलिसचे बैल मरत होते, दाणागोटा संपला होता आणि ओढता येईनात म्हणून तोफा फोडून टाकाव्या लागल्या होत्या. त्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ धान्यासह येऊन पोचले आणि इंग्रज फौज तरली. मार्च १७९२ च्या तहात टिपूचा निम्मा मुलूख आणि तीन कोटी तीस लाख रुपये दोस्तांना मिळाले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली.

लढाईनंतर कॉर्नवॉलिसने हीच मैत्री कायमच्या हमीच्या तहात बांधायचा प्रस्ताव ठेवला. पुण्याने तो टोलवत टोलवत निकालात काढला. अशी हमी नसल्यामुळेच १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला तेव्हा इंग्रज बाजूला उभे राहिले.

नानांचा दोष झाकण्यात अर्थ नाही. टिपूला खच्ची करण्यात त्यांचाही हात होता, आणि टिपू दुबळा झाल्यावर इंग्रजांना दक्षिणेत आवरणारे कोणी उरले नाही. शिवाय सारी सूत्रे त्यांनी एकट्याच्या हाती ठेवली. तरुण पेशव्याला कारभाराची मोकळीक मिळाली नाही आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात गच्चीवरून पडून गेले, तेव्हा सारी घडी विस्कटली. दौलतराव शिंद्यांनी नानांना काही महिने नगरच्या किल्ल्यात कैदेतही ठेवले.

त्यातून सुटून ते पुन्हा कारभारात आले तेव्हा वेलस्ली तैनाती फौज घेऊन दारात उभा होता. निजामाने १७९८ मध्ये ती स्वीकारली. टिपू पडल्यावर म्हैसूरच्या मुलखाचा वाटाही पुण्याला अटीसह देऊ करण्यात आला. पुण्याने घेतला नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले.

पुढचे तीन वर्षांच्या आत घडले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. सहा हजार इंग्रजी पायदळ कायमचे, त्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या सल्ल्याने. मुदत नाही, बाहेर पडायची वाट नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

आपल्या पेठेत या दोघांच्याही खुणा आहेत. विश्रामबागवाडा बाजीरावाचा, त्याचे नक्षीकाम अजून डोळ्यांत भरते. नानांचा म्हणायचा तर आंबेगावच्या बाजूने पाणी आणून पेठेत बांधलेला हौद. आपल्या मुलांना वाडा दाखवायला नेऊ तेव्हा हौदाची गोष्टही सांगू या, आणि नानांच्या तहांचीही.