वाटाण्याच्या वेलाची साक्ष

त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून परतले, ते आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास घेऊनच. छापखान्याचा धंदा भागीदारांशी बिनसल्याने सुटलेला, वय चाळिशीचे, पदरात संसार. मिळेल तो चित्रपट पाहत सुटलेल्या या गृहस्थाला आप्तेष्टांनी वेड्यात काढले. अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टीही गेली. तरी १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी लंडन गाठले आणि तेथील कॅमेऱ्याची मागणी नोंदवली.

भांडवल द्यायला मात्र कोणी धजेना. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ, रोज थोडे थोडे, त्याचे चित्रण केले. अंकुराचा वेल होताना पडद्यावर काही क्षणांत दिसला, तेव्हा कुठे सावकाराची शंका फिटली. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने तरीही गहाण पडलेच. या बाईंचे श्रेय दागिन्यांपुरते मानणे अन्यायाचे ठरेल; फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचा भार त्यांनीच वाहिला.

तारामती व्हायला एकही स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. राजपुत्र झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढच्याच वर्षी फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले; ते नाकारून ते नाशिकला परतले.