वर्दूनचा स्ट्रेचरवाला धर्मगुरू



फादर पिएर तेयार द शार्दँ हे नाव थोर शास्त्रज्ञ आणि विचारवंत म्हणून घेतले जाते. पण या येशूसंघीय धर्मगुरूने पहिल्या महायुद्धात खांद्यावर स्ट्रेचर वाहिला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्यांचा जन्म १८८१ साली फ्रान्समध्ये झाला. १९११ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी फ्रान्समध्ये धर्मगुरूंनाही सैन्यभरतीतून सूट नव्हती. डिसेंबर १९१४ मध्ये त्यांना बोलावणे आले. आदल्याच महिन्यात त्यांचा एक भाऊ लढाईत मारला गेला होता. जानेवारी १९१५ पासून ते उत्तर आफ्रिकेतील सैनिकांच्या तुकडीत जखमींना उचलून आणू लागले. त्यातले मुस्लिम सैनिकही त्यांना आपला धर्मपुरुष मानून आदराने हाक मारत.

१९१६ हे वर्ष वर्दूनचे. फेब्रुवारी ते डिसेंबर चाललेल्या त्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ३ लाख सैनिक मरण पावले. चिखल, तोफगोळे आणि कुजणारी प्रेते यांमधून फादर वाट काढत होते. एकदा एक अधिकारी शत्रूच्या माऱ्यात पडला. फादर रात्री सरपटत गेले आणि त्याचा देह पाठीवर घेऊन परतले. त्यांना शौर्यपदके मिळाली. वरचे पद मात्र त्यांनी नाकारले, कारण त्यांना साध्या शिपायांमध्येच राहायचे होते.

त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी एक कथा लिहिली. ख्रिस्तशरीराची लहानशी डबी छातीशी बाळगून एक माणूस खंदकात बसला आहे. प्रभू इतका जवळ, तरी मधे डबीच्या पत्र्याएवढे अंतर आहेच. तो ख्रिस्तशरीर ग्रहण करतो, तरी अंतर संपत नाही. स्वतःला जितके रिते करावे, तितका प्रभू आणखी आत बोलावतो.

पुढच्या वर्षी फादरांनी रणभूमीची ओढ लागते असेही लिहिले. हे वाचताना आपण अडखळतो. युद्ध हे पापच आहे, त्याचे कौतुक नको. १९१८ साली त्यांचा आणखी एक भाऊ युद्धात गेला. त्यांच्या लिखाणाबाबत ख्रिस्तसभेने १९६२ साली सावधगिरीचा इशाराही दिला. पण विचारांवर वाद होऊ शकतो, वाहिलेल्या स्ट्रेचरवर होत नाही.

१० एप्रिल १९५५ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपण ख्रिस्तशरीर स्वीकारून घरी जाऊ. वाटेत कोणाचा आजारी म्हातारा असेल, कोणाशी वर्षभर अबोला असेल. तेथे आपण थांबलो नाही, तर प्रभू आपल्याजवळ असूनही पत्र्याएवढे अंतर उरेल. ते अंतर ओलांडण्याचे बळ प्रभू आपणा सर्वांना देवो.

आपला,
धर्मगुरू