पावसाचा तराजू शोधणारे वॉकरसाहेब

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. दोन नद्यांच्या या गावाला पावसाची काय काळजी, असे पुणे-बंगळूर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल. पण नद्यांना पाणी सह्याद्रीवरच्या पावसाचे, आणि त्या पावसाचा एक धागा थेट प्रशांत महासागरापर्यंत पोहोचलेला. तो धागा हाती लागला सर गिल्बर्ट वॉकर यांच्यामुळे.

वॉकर यांचा जन्म १८६८ साली इंग्लंडमधील रॉचडेलचा. केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते १८८९ साली पहिले आले. बासरीचा शौक होता. बूमरँगच्या उड्डाणाचे गणित मांडण्याच्या नादापायी मित्रांनी त्यांचे नावच बूमरँग वॉकर पाडले. हवामानशास्त्र मात्र त्यांनी शिकलेले नव्हते. तरीही १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

काम सोपे नव्हते. १८९९ साली हवामान खात्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात दुष्काळ पडला. वॉकर यांनी जगभरच्या नोंदी मागवल्या आणि भारतीय कारकुनांच्या मदतीने, यंत्रगणकाचे नावही नसताना, वर्षानुवर्षे आकडेमोड केली. माणसांतले गणितही त्यांनी ओळखले. १९१३ मध्ये मद्रासला रामानुजन यांचे काम पाहून त्यांनी विद्यापीठाला शिफारसपत्र लिहिले आणि त्या तरुण कारकुनाला शिष्यवृत्ती मिळाली.

अखेर आकड्यांतून एक तराजू दिसू लागला. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि उलट. या हेलकाव्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. कारण मात्र उलगडले नाही आणि पावसाचे हुकमी भाकीतही साधले नाही. १९२४ साली ते निवृत्त झाले, १९५८ साली वारले.

कारण उलगडले ते त्यांच्यामागून. एरवी पूर्वेचे वारे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिथे हवा वर चढते, पाऊस पडतो आणि ती हवा पेरूकडे खाली उतरते. वारे मंदावले की उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. हाच एल निनो. मग आपल्याकडे हवा खाली दबते आणि पाऊस रुसण्याचा संभव वाढतो. या चक्राला ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये वॉकर यांचेच नाव दिले.

तरी एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असे नाही. १९९७ साली तो प्रबळ होता, पण देशात पाऊस सरासरीइतका झाला. आपल्या हिंदी महासागरालाही पूर्व-पश्चिम असा स्वतःचा तराजू आहे, हे १९९९ मध्ये कळले. शिवाय आता समुद्रच तापतो आहे. हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात गेल्या शतकभरात सुमारे १.२ अंशांनी तापला, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासकांनी दाखवले. उबदार समुद्रावरून बाष्प जास्त उठते. त्यामुळे लांबलेली उघडीप आणि एकाएकी कोसळणारा पाऊस एकाच हंगामात वाट्याला येतात. जुन्या आकड्यांवर बेतलेली सूत्रे अशा वेळी अपुरी पडू लागतात.

साऱ्या देशाला एकच अंदाज लावणे वॉकर यांनाही पटले नव्हते. त्यांनी देशाचे विभाग पाडून वेगवेगळी सूत्रे मांडली. तारळीकाठच्या शेतकऱ्याने त्यातून घ्यायचे ते एवढेच, की देशाची सरासरी म्हणजे आपल्या शिवारातला पाऊस नव्हे. अंदाज जरूर ऐकावा. पण वाफसा आल्यावाचून चाढ्यावर मूठ धरू नये.