रणांगणावरील धन्वंतरी : दोमिनिक लारे

युद्धांचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. विजय कोणाचा झाला, मुलूख किती मिळाला, तह कोणत्या अटींवर झाला, हे सारे तपशील ग्रंथांतून सहज सापडतात; परंतु तोफा थंडावल्यानंतर रणभूमीवर विव्हळत पडलेल्या माणसांचे पुढे काय झाले, याची नोंद क्वचितच आढळते. ही उपेक्षित बाजू ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, त्यांत नेपोलियनच्या सैन्यातील शस्त्रवैद्य दोमिनिक जाँ लारे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

सैन्यातील वैद्याची स्थिती मोठी अवघड असते. तो वेतन राज्याचे घेतो, हुकूम सेनापतीचा पाळतो आणि गणवेश एका पक्षाचा धारण करतो. त्याच्या शस्त्राखाली येणारा देह मात्र कोणत्याच पक्षाचा नसतो. सेनापतीला पुन्हा लढण्याजोगे शिपाई हवे असतात, वैद्याला समोरचा जीव वाचवायचा असतो. या दोन कर्तव्यांचा जेथे मेळ बसत नाही, तेथे वैद्याने कोणाचे ऐकावे? लारे यांच्या चरित्रात हा प्रश्न वारंवार उभा राहतो, आणि म्हणूनच ते चरित्र आजही वाचनीय वाटते.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बोदेआँ या लहानशा खेड्यात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. तेराव्या वर्षी ते तुलूझ येथे शस्त्रवैद्य असलेल्या काकांकडे गेले आणि त्यांच्या हाताखाली शल्यविद्येचे पहिले धडे गिरवले. पुढे आरमारी जहाजावरचा वैद्य म्हणून त्यांनी न्यूफाउंडलंडपर्यंतचा सागरी प्रवास केला. पॅरिसला परतल्यावर देझो या नामवंत शल्यविशारदांच्या मार्गदर्शनाचा लाभ त्यांना झाला. १७८९ च्या राज्यक्रांतीने सारा देश ढवळून निघाला आणि १७९२ मध्ये युद्ध सुरू होताच लारे ऱ्हाइन नदीवरील सैन्यात दाखल झाले.

तेथे त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांच्या कार्याची दिशा ठरली. त्या काळच्या लष्करी नियमानुसार जखमींच्या सुश्रूषेची पथके आघाडीपासून सुमारे एक कोस मागे ठेवली जात. लढाई संपेपर्यंत जखमींना उचलायचे नाही, असाच प्रघात होता. परिणामी जखमी शिपाई चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक काळ, उन्हात किंवा चिखलात तसाच पडून राही. वैद्यापर्यंत पोहोचेतो रक्तस्रावाने अथवा जखम सडून बहुतेकांचा शेवट झालेला असे. याच सैन्यातील तोफखाना मात्र घोड्यांच्या बळावर क्षणात येथून तेथे धावत असे. मारण्याची साधने इतकी चपळ असताना तारण्याची साधने मंद का असावीत, असा विचार लारे यांच्या मनात आला आणि त्यातून त्यांची ‘उडती रुग्णवाहिका’ जन्मास आली.

१७९७ मध्ये इटलीच्या मोहिमेत या कल्पनेला पूर्ण आकार मिळाला. हलक्या, धक्के कमी बसतील अशा, दोन आणि चार चाकी गाड्या. त्यांना जोडलेले घोडे. सोबत शस्त्रवैद्य, त्यांचे मदतनीस, मलमपट्टीचे सामान आणि जखमींना उचलणारे शिपाई, असे स्वतंत्र पथक त्यांनी उभे केले. लढाई चालू असतानाच ही पथके गोळीबाराच्या टप्प्यात शिरत आणि जखमींना बाहेर काढत. पुढे इजिप्तच्या वाळवंटात गाड्यांची चाके रुतू लागली, तेव्हा उंटांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पेट्या बांधून त्यांत जखमींना निजवण्याची सोय त्यांनी केली.

मात्र गाड्यांहूनही महत्त्वाचा होता तो लारे यांनी घालून दिलेला क्रम. जखमींची रांग लागली की प्रथम उपचार कोणाला, हा प्रश्न प्रत्येक रणांगणावर येतो. जुन्या राजेशाही सैन्यात याचे उत्तर सोपे होते: आधी सरदार, मग अंमलदार आणि उरल्या वेळात शिपाई. लारे यांनी हा क्रम मोडला. ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याला प्रथम हात लावायचा. त्याचा हुद्दा विचारायचा नाही. ज्याची जखम किरकोळ आहे तो सेनापती असला तरी त्याने थांबावे. शत्रुपक्षाचा जखमी हाती आला तर त्यालाही हाच नियम. आजच्या रुग्णालयांत अपघातग्रस्तांची जी वर्गवारी केली जाते, तिची मुळे या नियमात सापडतात.

हे सारे करताना वैद्याला किती कठोर व्हावे लागे, याचीही जाणीव ठेवली पाहिजे. भूल देण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते. छिन्नविच्छिन्न झालेला हातपाय पहिल्या चोवीस तासांतच कापून टाकावा, उशीर केल्यास जखम चिघळून रोगी दगावतो, असे लारे यांचे अनुभवांती बनलेले मत होते. शुद्धीवर असलेल्या, ओरडणाऱ्या माणसाचा पाय काही मिनिटांत वेगळा करायचा आणि लगेच दुसऱ्याकडे वळायचे, असे हे काम होते. ७ सप्टेंबर १८१२ रोजी झालेल्या बोरोदिनोच्या लढाईनंतर त्यांनी चोवीस तासांत सुमारे दोनशे अवयवच्छेद केले. १८०९ मध्ये आस्पर्नच्या लढाईत त्यांचे जिवलग मित्र मार्शल लान यांचा पाय त्यांनाच कापावा लागला; तरीही लान वाचले नाहीत. याच लढाईनंतर लोबाऊ बेटावर जखमी अडकून पडले आणि अन्न संपले, तेव्हा लारे यांनी घोडे मारून त्यांचे मांस शिजवले. भांडी नव्हती म्हणून घोडेस्वारांची छातीवरची चिलखते चुलीवर चढली आणि मिठाऐवजी बंदुकीची दारू पडली. घोडे गमावलेल्या अधिकाऱ्यांची कुरकुर झाली. जखमींच्या पोटात मात्र ऊन सूप गेले.

१७९९ च्या मोहिमेत मात्र सैन्याच्या हिताची आणि वैद्याच्या धर्माची उघड टक्कर झाली. सीरियातून माघार घेताना याफा येथे प्लेगने ग्रासलेले काही शिपाई हलवण्याच्या स्थितीत नव्हते. ते शत्रूच्या हाती पडले तर त्यांचे हाल होतील, म्हणून अफूची मात्रा देऊन त्यांचा शेवट करावा, असे नेपोलियनने सैन्याचे मुख्य वैद्य देजनेत यांना सुचवले. आपले काम जीव राखण्याचे आहे, या भूमिकेवरून देजनेत यांनी नकार दिला. प्रत्यक्षात पुढे काय घडले याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत; परंतु सेनापतीच्या तोंडावर नाही म्हणणारा वैद्य त्या छावणीत होता, ही गोष्ट निर्विवाद आहे. लारे हे त्याच छावणीतले शस्त्रवैद्य होते. त्यांच्या कसोटीची वेळ चौदा वर्षांनी आली.

१८१३ च्या मे महिन्यात जर्मनीत बाउट्झन येथे लढाई झाली. रशियातील सर्वनाशानंतर नेपोलियनने घाईघाईने कोवळ्या पोरांची भरती केली होती. लढाईनंतर दोन हजारांहून अधिक शिपायांच्या हातांना आणि बोटांना जखमा झाल्याचे आढळले. रणातून सुटका व्हावी म्हणून या पोरांनी स्वतःच स्वतःला जखमी करून घेतले, असा आरोप वरिष्ठ सेनानींनी केला. सम्राट संतापले. इतरांना दहशत बसावी म्हणून काहींना गोळ्या घालण्याची भाषा सुरू झाली. लारे यांनी या आरोपावर शंका घेतली, तेव्हा चौकशीचे काम त्यांच्याकडेच आले.

यातील पेच ध्यानात घेण्याजोगा आहे. सम्राटाला कोणता निष्कर्ष हवा आहे, हे सर्वांना ठाऊक होते. लारे यांची नेपोलियनवरील निष्ठा अढळ होती आणि त्यांचे पद, मान, उपजीविका त्याच निष्ठेवर उभी होती. तरीही त्यांनी सहकाऱ्यांसह एकेका शिपायाला तपासले. तपासणीअंती त्यांनी अहवाल दिला, की आरोपाला पुरावा नाही. नवखे शिपाई तिहेरी रांगांत उभे राहून गोळीबार करत, तेव्हा मागच्या रांगेतील बंदुकांनी पुढच्यांचे हात जखमी होत; शिवाय उंचावरील शत्रूवर चढून जाताना वर उचललेले हातच प्रथम गोळीला सापडत. अहवाल हाती पडल्यावर सम्राटांनी प्रथम नाराजी दाखवली. परंतु नंतर त्यांनी तो स्वीकारला आणि लारे यांना हिरेजडित चित्र, सोन्याची नाणी व निवृत्तिवेतन देऊन गौरवले. ज्या पोरांचे प्राण वाचले, त्यांपैकी कोणाचेही नाव इतिहासात नाही. लारे यांच्या साऱ्या शस्त्रक्रियांत चाकू न उचलता केलेली ही शस्त्रक्रिया कदाचित सर्वांत मोठी ठरावी.

शिपायांनी ही ममता विसरली नाही. १८१२ च्या नोव्हेंबरात बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी उसळली असताना लारे यांना ओळखताच लोकांनी त्यांना हातोहात उचलून पैलतीरी पोहोचवले. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणात ते प्रशियन सैन्याच्या हाती सापडले आणि त्यांना गोळी घालण्याचे ठरले. त्या वेळी त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका प्रशियन वैद्याने त्यांना ओळखले आणि ते बचावले. सेनापती ब्लूखर यांच्या जखमी मुलावर लारे यांनी पूर्वी उपचार केले होते, असेही सांगितले जाते.

नेपोलियनच्या पतनानंतर लारे यांचे काही मानमरातब गेले. परंतु रुग्णसेवा सुटली नाही. १८३० च्या जुलै क्रांतीत संतप्त जमाव त्यांच्या रुग्णालयाच्या दारावर आला आणि आत असलेले राजाचे जखमी रक्षक आपल्या हवाली करावेत, अशी मागणी करू लागला. चौसष्ट वर्षांचे लारे दारात उभे राहिले. हे जखमी आता माझे आहेत, असे त्यांनी त्या जमावाला बजावले आणि जमाव परत फिरला. सम्राटासमोर जी भूमिका, तीच जमावासमोर.

त्यांच्या चरित्रातील एक मर्यादाही नोंदवायला हवी. इतक्या जखमा बांधणाऱ्या या माणसाने त्या जखमा करणाऱ्या युद्धांविषयी प्रश्न विचारला नाही. ज्या महत्त्वाकांक्षेने लाखो माणसे मारली, तिचे ते अखेरपर्यंत निष्ठावंत भक्त राहिले. सेंट हेलेना बेटावर लिहिलेल्या मृत्युपत्रात नेपोलियनने लारे यांना एक लाख फ्रँक ठेवले आणि आपल्या परिचयातील सर्वांत सद्गुणी मनुष्य म्हणून त्यांचा उल्लेख केला. त्या प्रशस्तीचा लारे यांना अभिमान वाटला असेल. वाचकाला मात्र ती किंचित अस्वस्थ करते; कारण वैद्याचा सद्गुण सेनापतीचे हात स्वच्छ करत नाही.

१८४२ मध्ये वयाच्या शहात्तराव्या वर्षी लारे अल्जीरियातील लष्करी रुग्णालयांची पाहणी करण्यास गेले. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि २५ जुलै रोजी ल्यों शहरात त्यांचे निधन झाले. पत्नीचेही निधन त्याच सुमारास, थोडे आधी झाले होते. युद्धातील जखमींना आणि त्यांच्या वैद्यांना संरक्षण देणारा पहिला जिनिव्हा करार १८६४ मध्ये, त्यांच्या मागे बावीस वर्षांनी झाला. लारे यांनी जे एकट्याच्या विवेकबळावर केले, ते तेव्हा राष्ट्रांनी प्रथमच लेखी मान्य केले. १९९२ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसमधील आंव्हालिद येथे नेण्यात आल्या. जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी बांधलेली ती वास्तू आहे. नेपोलियनची समाधीही तेथेच आहे. आयुष्यभर ज्यांच्यामध्ये ते वावरले, तो सम्राट आणि ते जखमी शिपाई, या दोघांच्याही सान्निध्यात लारे आता विसावले आहेत.